ग्लॅडिओलस : फुलांनंतरची निगा

वाचकाचे पत्र : मागच्या हंगामात मी ग्लॅडिओलसचे मिश्र रंगांचे पंचवीस कंद घरच्या बागेत लावले होते. जवळजवळ प्रत्येक कंदाला फुलदांडा आला. घरात सजवण्यासाठी मी ते दांडे पानांसकट अगदी खालून कापत गेलो आणि हंगाम संपल्यावर कंद जमिनीतच राहू दिले. या वर्षी त्याच वाफ्यात पाने भरगच्च आली, मी खतही भरपूर घातले, पण फुलदांडे आले ते अवघे सात. त्यांतील तिघांच्या कळ्या उमलण्याआधीच तपकिरी होऊन वाळल्या. पानांवर चंदेरी रेघा दिसतात. जे चार दांडे फुलले ते सगळे गुलाबी निघाले. पिवळा, पांढरा आणि जांभळा रंग कुठे गेला ते समजत नाही. शेवटी दोन झाडे उकरून पाहिली, तेव्हा एकावर एक असे दोन कंद चिकटलेले आढळले. खालचा कंद चपटा आणि सुरकुतलेला होता आणि मध्ये वाटाण्याएवढे पुष्कळ दाणे होते. हा रोग आहे का? सगळे कंद टाकून द्यावेत की काही वाचवता येतील?

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या उकरून पाहिलेल्या दोन झाडांपाशीच मिळतात. एकावर एक चिकटलेले दोन कंद हे रोगाचे लक्षण नाही. ग्लॅडिओलसच्या आयुष्याची ती नेहमीची रीत आहे. आपण जो कंद लावतो तो फुलांच्या हंगामात स्वतःजवळचा सगळा साठा खर्च करतो आणि सुकून जातो. त्याच्या डोक्यावर, कोंबाच्या बुडाशी, त्याच वर्षी नवा कंद तयार होतो. तुम्हाला दिसलेला सुरकुतलेला कंद जुना होता आणि त्यावरचा टणक कंद यंदा तयार झालेला. दोघांच्या मधल्या जागेतून बारीक दोऱ्यांसारखे फाटे फुटतात आणि त्यांच्या टोकांना कंदाची पिल्ले, म्हणजे कंदिका, धरतात. तुम्ही ज्यांना दाणे म्हटले आहे ते हेच.

हे नीट ध्यानात घेतले की या फुलझाडाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ग्लॅडिओलसचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो. तो आतून भरीव असून खोडाचाच फुगलेला भाग असतो आणि तो दरवर्षी नव्याने घडतो. ‘मागच्या वर्षीचे कंद या वर्षी पुन्हा उगवले’ असे आपण सहज म्हणतो, पण मागच्या वर्षी लावलेला एकही कंद आज जमिनीत जिवंत नाही. या वर्षी जे उगवले ते मागच्या वर्षी पानांनी घडवलेले नवे कंद होते, आणि ते किती भरले होते यावरच यंदाची फुले ठरली. म्हणून ग्लॅडिओलसची खरी निगा फुले संपल्यावर सुरू होते, असे मी मानते. लागवडीविषयी बागप्रेमी आवर्जून विचारतात, पण फुलांनंतरच्या दीड-दोन महिन्यांविषयी क्वचितच कोणी विचारते, आणि बहुतेकांचे ग्लॅडिओलस दुसऱ्या वर्षी रुसते ते याच काळातल्या दुर्लक्षामुळे.

तुमच्या बागेतही तेच घडले आहे. पहिल्या वर्षीची भरघोस फुले ही त्या कंदांनी तुमच्याकडे येण्यापूर्वी, दुसऱ्या कुणाच्या तरी वाफ्यात कमावलेल्या साठ्याची होती. तुम्ही दांडे पानांसकट तळातून कापलेत, तेव्हा वरचा नवा कंद नुकताच आकार धरू लागला होता. त्याला अन्न पुरवणारी पानेच नाहीशी झाल्यामुळे तो लहान राहिला. साधारण चार ते पाच सेंटिमीटर व्यासाच्या कंदाला चांगला, पुष्कळ कळ्यांचा दांडा येतो. त्याहून लहान होत गेलेल्या कंदाचा दांडा आखूड आणि मोजक्या फुलांचा असतो, आणि फारच लहान कंद नुसती पाने काढून थांबतो. तुमच्या वाफ्यातील भरगच्च पानांमध्ये असे अर्धपोटी राहिलेले कंद आणि मागच्या वर्षीच्या कंदिका या दोघांचीही पाने मिसळलेली असणार. दुरून वाफा भरलेला दिसतो, पण फुलण्याइतके वय आणि वजन त्यांतल्या थोड्यांचेच असते.

यापुढे दांडा कापताना झाडावर किमान चार, शक्य तर पाच पाने राहू द्या. त्यासाठी चाकूचे टोक पानांच्या मधून आत सरकवून, पाने न चिरता, फक्त दांडा तिरका कापावा. सुरुवातीला हे अवघड जाते आणि दांडा थोडा आखूड मिळतो, पण तो आखूडपणा पत्करण्याजोगा आहे. खालच्या एक-दोन कळ्यांचा रंग दिसू लागला की दांडा कापण्यास तयार समजावा. बाकीच्या कळ्या पाण्यात क्रमाने खालून वर उमलत जातात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कापून दांडे लगेच पाण्यात उभे ठेवा. आडवे ठेवल्यास काही तासांतच त्यांचे शेंडे वरच्या दिशेने वळतात आणि तो बाक नंतर जात नाही. जे दांडे झाडावरच फुलू द्याल, त्यांची फुले कोमेजल्यावर फुलांचा भाग खुडून टाका, म्हणजे बी धरण्यात झाडाची शक्ती जाणार नाही. हिरवी पाने आणि त्यांना धरून असलेले खोड मात्र तसेच राहिले पाहिजे. फुले गेल्यावर ती पाने बागेत ओकीबोकी दिसतात, हे खरे आहे. तरीही ती हिरवी असेपर्यंत त्यांना पाणी देत राहावे. पुढच्या वर्षीचा कंद त्याच दिवसांत भरतो.

आता वाळलेल्या कळ्यांकडे वळू. पानांवरच्या चंदेरी रेघा आणि न उमलता तपकिरी पडलेल्या कळ्या ही दोन लक्षणे एकत्र दिसली की पहिला संशय फुलकिड्यांवर घ्यावा. हे कीटक जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीचे असतात. प्रौढ काळपट, तर पिल्ले फिकट पिवळी असतात. पानांच्या बेचक्यात आणि कळ्यांच्या आवरणाखाली लपून ते पेशी खरवडतात आणि रस शोषतात. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा शिरल्यामुळे पानावर चंदेरी चमक येते. कळ्यांची हिरवी आवरणे गवताच्या वाळक्या काडीच्या रंगाची होतात आणि पाकळ्या आतल्या आत चिकटून राहतात. खात्री करायची असल्यास अर्धवट उमललेला दांडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. बारीक, लांबट कण चालू लागले तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही.

तरी एक वेगळी शक्यताही सांगून ठेवते, कारण अनेकदा दोष किड्यांवर जातो आणि कारण भलतेच असते. ट्यूलिपच्या कंदात फूल लागवडीपूर्वीच तयार झालेले असते. ग्लॅडिओलसचे तसे नाही. त्याचा फुलदांडा लागवडीनंतर, झाडाला दोन-तीन पाने आली की आतल्या आत घडू लागतो आणि सहा-सात पानांच्या सुमारास बाहेर डोकावतो. बाहेरून काहीच दिसत नसते त्या मधल्या काळात माती कोरडी पडली, किंवा सलग अनेक दिवस पुरेसे ऊन मिळाले नाही, तर आतला कोवळा दांडा जिरून जातो. त्या झाडाची पाने निरोगी दिसतात, त्यांवर रेघा नसतात, पण दांडा येतच नाही किंवा आवरणातच सुकलेला सापडतो. तुमच्या ज्या झाडांना दांडाच आला नाही त्यांतील काहींच्या बाबतीत हेही घडले असावे. वाफ्यावर एखाद्या झाडाची किंवा भिंतीची सावली वाढली आहे का, ते पाहा. या फुलझाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते.

फुलकिड्यांची गोष्ट कंदांशीही जोडलेली आहे. पाने वाळू लागली की हे किडे खाली उतरतात आणि कंदाच्या पापुद्र्यांखाली दडतात. साठवणुकीची जागा उबदार असेल तर तिथेही त्यांची वीण चालू राहते. कंदाची पाठ खरखरीत, चिकट आणि तपकिरी झालेली दिसली तर ते त्यांचेच काम समजावे. म्हणजे या वर्षी तुम्ही काहीच केले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या लागवडीबरोबर किडीचीही लागवड होईल. सध्या उभ्या असलेल्या झाडांवर नीमतेलाची किंवा बागेसाठीच्या कीटकनाशक साबणाची फवारणी संध्याकाळी करावी. द्रावण पानांच्या बेचक्यांत पोहोचले पाहिजे, नुसती वरची पाने भिजवून उपयोग होत नाही. आठवड्याच्या अंतराने ती दोन-तीनदा करावी लागते, कारण लपलेले किडे पहिल्या खेपेला सुटतात. औषध कोणतेही वापरलेत तरी त्याच्या वेष्टनावर दिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नका, आणि उमललेल्या फुलांवर मधमाश्या येत असताना फवारू नका. वाळलेल्या कळ्यांचे तीन दांडे मात्र आजच कापून पिशवीत बंद करून टाका. ते कंपोस्टच्या ढिगात घालू नयेत.

खताविषयी तुम्ही ‘भरपूर’ असे लिहिले आहे, पण कोणते ते लिहिलेले नाही. बहुधा ते नत्र अधिक असलेले असावे, असे पानांच्या वर्णनावरून वाटते. जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात, फुलदांडा मऊ पडून कलतो आणि कंदाची मर आणणारी बुरशीही बळावते. ग्लॅडिओलसला मुळात फार खत लागतच नाही, कारण सुरुवातीची शिदोरी कंदातच असते. लागवडीपूर्वी चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत मातीत मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने कंद कुजतो. त्यानंतर दोन-तीन पाने आल्यावर थोडे, दांडा दिसू लागल्यावर थोडे आणि फुले संपल्यावर पालाशयुक्त खताचा एक हलका हप्ता, एवढे पुरेसे होते. हा तिसरा हप्ता बहुतेक जण देत नाहीत, आणि नेमका तोच नव्या कंदाच्या कामी येतो.

खताच्याच संदर्भात आणखी एक बाब सांगते, कारण तिचा गोंधळ नेहमी रोगाशी होतो. ग्लॅडिओलस फ्लोराइडच्या बाबतीत विलक्षण नाजूक आहे; इतके की हवेतील फ्लोराइडचे प्रदूषण ओळखण्यासाठी त्याची झाडे मुद्दाम लावली गेली आहेत. फ्लोराइड पानाच्या टोकाशी साचते आणि टोक करपल्यासारखे तपकिरी होते. सुपरफॉस्फेट खतात फ्लोराइडचा अंश असतो, काही ठिकाणच्या पाण्यातही असतो. तुमच्या पानांची टोके करपली असतील आणि तुम्ही सुपरफॉस्फेट वापरले असेल, तर बुरशीनाशक फवारण्याआधी ते खत थांबवून पाहा. स्फुरदाची गरज हाडांचा चुरा किंवा कंपोस्ट यांतूनही भागते, मात्र त्यांचा परिणाम सावकाश दिसतो.

रंगांच्या प्रश्नाला मी मुद्दाम अधिक जागा देते, कारण ‘ग्लॅडिओलस काही वर्षांनी आपोआप गुलाबी होते’ ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. कंद आणि कंदिका या मूळ झाडाचाच तुकडा असतात. पिवळ्या जातीच्या कंदातून जो नवा कंद होतो तो पिवळाच असतो. तरीही वाफा एकरंगी होतो तो दुसऱ्या कारणाने. आज बागेत लावली जाणारी मोठ्या फुलांची ग्लॅडिओलस ही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील अनेक रानटी जातींच्या संकरातून आलेली आहेत. या संकरांतील पहिल्या नामवंतांपैकी एक ‘गँडाव्हेन्सिस’ हा होता. बेल्जियममधील गेंट शहराच्या नावावरून ओळखला जाणारा तो संकर १८४१ मध्ये तिथल्या व्हान हाउटे यांनी विक्रीस आणला, आणि पुढच्या काळात त्यात इतर जाती मिसळत गेल्या. एवढ्या मिश्र घराण्यातल्या सगळ्या वाणांची ताकद सारखी कशी असेल? काही वाण दणकट असतात, पुष्कळ कंदिका धरतात आणि उपासमारही सोसतात. काही नाजूक असतात आणि एका वाईट हंगामात संपतात. तुमच्या पंचवीस कंदांमध्ये गुलाबी वाण दणकट निघाला, त्याने जागा व्यापली, आणि पिवळे, पांढरे, जांभळे एकतर मेले किंवा फुलण्याइतके भरले नाहीत. म्हणून या वर्षी न फुललेली झाडे फेकू नका. त्यांतील काहींमध्ये तुमचे हरवलेले रंग अजून असू शकतात, आणि एखाद-दुसऱ्या हंगामाच्या चांगल्या निगेनंतर ते पुन्हा दिसतील.

याला एक अपवाद आहे. पाकळ्यांवर वेडेवाकडे फिकट ओरखडे किंवा ठिपके आणि पानांवर फिकट-गडद चट्टे दिसले, तर ती विषाणूची लागण समजावी. ती मावा किडीमार्फत पसरते आणि तिच्यावर औषध नाही. असे झाड कंद आणि कंदिकांसह उपटून नष्ट करावे लागते. घेवड्याच्या जातीच्या भाज्यांवर येणारा एक विषाणू ग्लॅडिओलसवरही येतो, त्यामुळे या दोघांचे वाफे शेजारी शेजारी ठेवू नयेत. तुमच्या वर्णनात अशी लक्षणे नाहीत, म्हणून या बाबतीत तुम्हाला सध्या काळजीचे कारण दिसत नाही.

आता कंदांचे काय करायचे ते सांगते. यंदा ते जमिनीत राहू देऊ नका. जिथे थंडीत जमीन गोठत नाही आणि झाडाच्या विश्रांतीच्या काळात कोरडी राहते, तिथे कंद जमिनीत तग धरतात. मात्र तिथेही दर दोन-तीन वर्षांनी ते काढून विरळ करावे लागतात, नाहीतर गर्दीमुळे सगळेच लहान राहतात. ज्या रानटी जातींपासून आपली ग्लॅडिओलस आली त्यांतील बऱ्याच पावसाच्या महिन्यांत वाढतात आणि कोरड्या महिन्यांत झोपतात. झोपेच्या काळात माती ओली राहिली की कंद सडतो. तुमच्या वाफ्यात तर किडीचाही प्रश्न आहे, तेव्हा काढून, निवडून, साठवून पुन्हा लावणे हाच मार्ग योग्य आहे.

फुले संपल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा पाणी थांबवा आणि काही दिवसांनी, माती भुसभुशीत असताना, खुरप्याने किंवा काटेकुदळीने झाडापासून थोडे दूर उकरून कंद उचला. पाने धरून ओढू नका. नवा कंद आपल्या जाड, आखडणाऱ्या मुळांनी स्वतःला मातीत घट्ट रोवून घेतो आणि ओढल्यास पानेच तुटून हातात येतात. कंद वर निघाल्यावर पाने कंदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर कापा, माती हाताने झाडा आणि कंद धुण्याचा मोह टाळा. मग सावलीच्या, उबदार आणि वारा खेळत्या जागी एका थरात पसरून दोन-तीन आठवडे वाळवा. पंचवीस-तीस अंश सेल्सियसची ऊब यासाठी उत्तम असते. नीट वाळल्यावर तळाचा जुना कंद अंगठ्याच्या दाबाने सहज सुटून येतो. तो सहज सुटला नाही तर वाळवणे अजून पुरे झालेले नाही, असे समजून आणखी काही दिवस थांबावे. सुटलेले जुने कंद टाकून द्या, पण नव्या कंदावरचे पापुद्रे सोलू नका. तेच त्याचे संरक्षण असते.

या टप्प्यावर निवड निष्ठुरपणे करावी लागते, आणि मला स्वतःला ती दर वर्षी जड जाते. बोटाने दाबून जो मऊ लागतो, ज्याच्या बुडाशी तपकिरी किंवा काळा, आत दबलेला डाग आहे, किंवा जो आकारमानाच्या मानाने फार हलका वाटतो, तो ठेवू नये. फ्युजेरियम नावाची बुरशी अशाच कंदांतून पुढच्या वाफ्यात जाते आणि एकदा मातीत शिरली की वर्षानुवर्षे तिथे टिकते. अनेकांना कंद जितका रुंद तितका चांगला वाटतो, परंतु रुंद आणि चपटा कंद बहुधा थकलेला असतो. व्यासाने थोडा कमी पण उंच, फुगीर माथ्याचा कंद अधिक चांगले फूल देतो. पुढे विकत घेतानाही हीच खूण लक्षात ठेवा.

तुमच्या कंदांवर फुलकिडे असण्याची दाट शक्यता असल्यामुळे साठवण्यापूर्वी एक उपचार आवश्यक आहे. पूर्ण वाळलेले, झोपी गेलेले कंद ४६ अंश सेल्सियसच्या पाण्यात वीस ते तीस मिनिटे बुडवून ठेवा. यासाठी तापमापक हवाच, कारण पाणी फार तापले तर कंद भाजतो आणि कोमट पडले तर किडे जगतात. मोठ्या भांड्यात पाणी घेतल्यास तापमान टिकवणे सोपे जाते. बाहेर काढल्यावर कंद लगेच पसरून, पंख्याच्या वाऱ्याखाली खडखडीत वाळवा. हा उपचार कोंब फुटलेल्या कंदांवर करू नये.

त्यानंतर कंद जाळीच्या किंवा कागदी पिशवीत, शक्यतो एकाच थरात ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होऊन ते बुरसतात. चार ते सात अंश सेल्सियसची कोरडी थंडी त्यांना मानवते. हवामान उबदार असेल तर फ्रिजचा खालचा कप्पा चालतो, मात्र कंद गोठता कामा नयेत. थंडीचे दोन फायदे होतात. दहा अंशांच्या खाली उरल्यासुरल्या फुलकिड्यांची वाढ थांबते, आणि कंदाची सुप्तावस्थाही नीट संपते. ताजा काढलेला कंद लगेच लावला तर तो महिनोन्महिने हालत नाही, हे अनेकांनी अनुभवले असेल. त्यात कंदाचा दोष नसतो. त्याला सुमारे तीन महिन्यांची विश्रांती लागते, ती आपण दिलेली नसते. साठवणीच्या काळात महिन्यातून एकदा पिशवी उघडून मऊ पडलेला कंद काढून टाकत जावे.

पुढची लागवड या वाफ्यात करू नका. किमान तीन-चार वर्षे इथे दुसरे काहीही लावा, पण ग्लॅडिओलस किंवा त्याच्याच कुळातील फ्रीझिया नको. नवी जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. माती किंचित आम्लधर्मी, सामू सहा ते साडेसहाच्या आसपास असलेली उत्तम. जड मातीत कंद दहा सेंटिमीटर खोल आणि हलक्या, वाळूच्या मातीत पंधरा सेंटिमीटरपर्यंत खोल लावावा. उथळ लावलेली झाडे फुलांच्या वजनाने हमखास लोळतात. दोन कंदांत पंधरा सेंटिमीटर अंतर पुरेसे असते. झाडे पंचवीस-तीस सेंटिमीटर उंच झाली की बुंध्याशी मातीची भर द्या, आणि मोठ्या फुलांच्या वाणांना काठीचा आधार लागवडीच्या वेळीच रोवा. नंतर रोवलेली काठी कंदातून आरपार जाण्याचा धोका असतो. कुंडीत लावायचे असल्यास ती किमान तीस सेंटिमीटर खोल असावी आणि वाण बुटका निवडावा.

सगळे कंद एकाच दिवशी लावल्यास सगळी फुले एकाच आठवड्यात येऊन संपतात. लवकर फुलणाऱ्या वाणांना लागवडीपासून साधारण सत्तर दिवस लागतात, उशिरा फुलणाऱ्यांना शंभरच्या आसपास. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार हप्त्यांत लावलेत तर दोन महिने घरात फुले राहतील. पाणी थोडे थोडे रोज देण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा, माती खोलवर भिजेल असे द्यावे, आणि दोन पानांपासून दांडा बाहेर येईपर्यंतच्या काळात त्यात अजिबात खंड पडू देऊ नये. वाफ्यावर वाळक्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते.

राहता राहिल्या कंदिका. त्या हव्याच असतील तर मोठ्या कंदांपासून वेगळ्या, नाव किंवा रंग लिहिलेल्या पाकिटात ठेवा. त्यांचे कवच कठीण असते, म्हणून लावण्यापूर्वी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून, बाजूच्या लहान वाफ्यात पाच सेंटिमीटर खोल ओळीने पेरा. पहिल्या वर्षी गवतासारखी बारीक पाती येतील, ती खुरपणीत उपटली जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. त्यांना फुलायला दोन ते तीन हंगाम लागतात. तुमच्या पंचवीसपैकी यंदा दहा-बारा धडके कंद हाती लागले तरी पुष्कळ झाले. ते रंग माहीत नसलेले आणि गुलाबी असे दोन गटांत वेगळे लावा, आणि जे पहिल्यांदा फुलेल त्याच्या शेजारी लगेच रंगाची पाटी रोवा, कारण कंद काढण्याच्या वेळी सगळी पाने सारखीच दिसतात.